यात हितलं कुठलं?

दोह्यात आमच्या घराजवळच्या हायपरमार्केटमध्ये मटणाच्या काउंटरवर प्रत्येक ट्रेमध्ये एक छोटा झेंडा खोचलेला असतो. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केनिया. कोंबड्यांकडे वळलं की ब्राझील. मला या झेंड्यांची इतकी सवय झाली आहे की ते आता डोळ्यांना दिसतही नाहीत. पाय आपोआप तिरंग्यापाशी थांबतात आणि तोंड आपोआप म्हणतं, "एक किलो, मिक्स, चरबी कमी." गेल्या थंडीत माझे वडील, आबा, आले होते. माणदेश सोडून इतक्या लांब ते पहिल्यांदाच आले. मेट्रो, समुद्राकाठचे मनोरे, खजुरांची दुकानं हे सगळं त्यांनी आमचं मन राखण्यापुरतं पाहिलं. या काउंटरपाशी मात्र ते स्वतःहून थांबले. हात पाठीमागे बांधून, आटपाडीच्या बाजारात फिरतात त्याच चालीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले. काचेजवळ वाकून मांडीचा रंग पाहिला, चरबी पांढरी आहे की पिवळी ते पाहिलं, जनावर कोवळं की जून याचा मनाशी काहीतरी अंदाज बांधला. मग मला म्हणाले, "यात हितलं कुठलं?"

काउंटरमागचा मुलगा केरळचा. त्याने शेवटच्या ट्रेकडे बोट केलं. पांढरा-मरून, कतारचा झेंडा होता, भावाची चिठ्ठी होती आणि तो भाव आपल्या मटणाच्या जवळपास दुप्पट होता. ट्रे मात्र धुऊन पालथा घातलेला. "सुबह आना. दस बजे तक खतम." आबांनी त्या रिकाम्या ट्रेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"एवढा पैसा, आन् खाणं उसनं?"

"उसनं कसलं आबा, रोख मोजून घेतात."

"रोख मोजलं तरी समोरच्यानं इकाय तर पायजे."

मटण घेतलं, घरी आलो, रस्सा झाला, आबांनी नळी चोखून खाल्ली, चांगलं म्हणाले. पण मला त्या रात्री झोप लवकर लागली नाही. कारण समोरचा विकायचा थांबला की काय होतं, ते मी याच गावात एकदा पाहिलं होतं आणि नंतर सोयीने विसरूनही गेले होते.

५ जून २०१७. रमजान चालू होता. सकाळी फोन उघडला तर बातम्या एकावर एक आदळत होत्या: सौदी अरेबिया, अमिरात, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. मला यातलं राजकारण तेव्हाही नीट कळलं नव्हतं. कळलं ते एवढंच, की या देशाला जमिनीची एकच सीमा आहे, त्या सीमेवर अबू सामरा नावाचा एकच रस्ता आहे, आणि देशात येणाऱ्या अन्नाचा सुमारे ४० टक्के भाग याच रस्त्याने येत होता. दुपारी दुकानात गेले तेव्हा ट्रॉल्यांची रांग पार्किंगपर्यंत आली होती. दुधाच्या फ्रिजचे कप्पे आतून कुठल्या रंगाचे असतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मळकट पांढरे, कडांना गंज चढलेले, आणि त्यातून गार वाफ तेवढी उगाच बाहेर येत होती. एक फिलिपिनो बाई रिकाम्या कप्प्याचा फोटो काढत होती. एक म्हातारा कतारी गृहस्थ, पांढराशुभ्र थोब घातलेला, ताकाची एकच बाटली हातात घेऊन शांतपणे उभा होता. मुलगी तेव्हा लहान होती, दुधाशिवाय झोपायची नाही. मी दूध पावडरचे डबे उचलले, शेजारणीसाठी म्हणून आणखी उचलले, आणि मागून येणाऱ्या बाईची नजर टाळून बिलाच्या रांगेत उभी राहिले.

दोन-तीन दिवसांत तुर्कस्तानचं दूध विमानाने आलं. इराणहून भाजी आली. मुलीने तुर्की दुधाचा पहिला घोट फुर्रकन बाहेर काढला, मग सवय झाली. जुलैत तर गायीच विमानाने आल्या. बुडापेस्टहून १६५ होल्स्टीन गायींची पहिली तुकडी कतार एअरवेजच्या मालवाहू विमानातून उतरली. आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. गायींना खिडकीची जागा मिळाली का, वैरण शाकाहारी होती का, बिझनेस क्लास होता का. हसत होतो, पण त्या हसण्यात सुटकाही होती. पैसा असला की गाय उडते, हे आम्हा सगळ्यांना आतून फार बरं वाटलं होतं. आम्ही सगळेच त्या पैशासाठी उडत आलेलो.

त्या गायींचा गोठा आता आबांना दाखवायचाच असं नवऱ्याने ठरवलं. 'बलदना'चं फार्म दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या बाजूला, तासाभराच्या अंतरावर आहे. पूर्वी तिथे शेळ्यामेंढ्या होत्या. नाकेबंदीनंतर काही महिन्यांत तिथे हजारोंनी गायी आल्या, आज ती संख्या वीस हजारांच्या वर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी, वाळू, विजेचे खांब, मध्येच एखादं काटेरी झुडूप. आणि मग एकदम हिरवळ, मुलांचे झोपाळे, उपाहारगृह. गायी बघायला काचेची गॅलरी आहे. काचेपलीकडे एक भलंमोठं गोल चाक सावकाश फिरत असतं. गाय आपली आपण येऊन त्यावर चढते, सड यंत्राला लागतात, चाक एक फेरा पुरा करतं आणि गाय मागे पाय टाकत उतरून निघून जाते. कुणी तिला ओढत नाही, कुणी हाकारत नाही. छताला ओळीने पंखे, पंख्यांतून पाण्याचे बारीक तुषार. आबा बराच वेळ बघत होते. खुरं बघत होते, कास बघत होते. गॅलरीत कॉफीचा आणि गोड पावाचा वास होता. बाहेर पडून गाडीकडे जाताना वाऱ्याची दिशा बदलली आणि शेणाचा उग्र, आंबूस वास आला, तेव्हा ते खुलले. "हां, आता गोठा वाटला."

आइस्क्रीम खाताखाता त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला: चारा कुठला? नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात काम करतो, त्यामुळे असल्या प्रश्नांना उत्तर देण्याची त्याला हौस आहे. त्याने सांगितलं की चाऱ्याचा मोठा भाग जहाजाने परदेशातून येतो, थोडा इथे पिकतो, तोही बऱ्याचदा शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून दिलेल्या पाण्यावर. गायी प्यायचं पाणी समुद्राचं, ते गोडं करायला जळतो तो गॅस. धारा काढणारी, शेण ओढणारी, ट्रक चालवणारी माणसं बाहेरची. "मंग दूध तेवढं हितलं," आबा म्हणाले. नवरा जरा वरमला. म्हणाला, पण आता कुणी रस्ता अडवला तर दुसऱ्या दिवशी कप्पा रिकामा होत नाही. चारा सुका असतो, महिनोन्महिने साठवता येतो, पाच देशांतून आणता येतो. हमद बंदर आहे, जहाज थेट लागतं, पूर्वीसारखं दुबईच्या जेबेल अलीवरून वळसा घालून यायची गरज नाही. दुधाचं तसं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं मला पटलं, अजूनही पटतं. परावलंबन संपत नाही, पण ते नासणाऱ्या वस्तूवरून न नासणाऱ्या वस्तूवर नेता येतं, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला एवढं पुरतं.

मटणाला मात्र हे पुरत नाही.

नाकेबंदीनंतर या देशाने २०१८ ते २०२३ या काळासाठी अन्नसुरक्षेचं धोरण आखलं. त्यात ताजं दूध आणि ताजी कोंबडी पूर्णपणे देशात तयार व्हावी असं होतं. लाल मांसाचं उद्दिष्ट होतं फक्त ३० टक्के. मला हा आकडा वाचून बरं वाटलं होतं. सरकारी कागदात इतका सरळपणा सहसा सापडत नाही. कोंबडी पस्तीस-चाळीस दिवसांत बंद शेडमध्ये तयार होते. गाय दावणीला उभी राहून रोज दूध देते, म्हणजे तिच्या पोटात घातलेल्या चाऱ्याचा हिशेब रोज चुकता होतो. मेंढरू महिनोन्महिने खातं आणि एकदाच देतं. एक किलो मेंढीच्या मटणामागे जगाच्या सरासरीने १०,४०० लिटरच्या आसपास पाणी लागतं असा एक अंदाज आहे. दुधाच्या किलोला हजारच्या थोडं वर. हे मटणाचे आकडे लोक फार भयचकित होऊन एकमेकांना पाठवतात. पण त्यातलं बहुतेक पाणी नळाचं नसतं. ते माळावर पडलेला पाऊस असतो. मेंढरू नसतं तरी तो पाऊस तिथे पडलाच असता, आणि त्या माळावर कुसळी गवताशिवाय दुसरं काही उगवलंही नसतं. मेंढरू तो पाऊस खातं. कतारमध्ये वर्षाला सरासरी पाऊणशे मिलिमीटर पाऊस पडतो. खायला पाऊसच नाही, मग तो मोटारीने, गॅसने, जहाजाने आणावा लागतो, आणि त्या दराने मटण कुणालाच परवडत नाही.

आमच्या माणदेशातही पाऊस म्हणजे पाहुणाच. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही पडला तर. लहानपणी दुष्काळ हा शब्द आम्ही सणांच्या नावांसारखा ऐकत आलो. जनावरांच्या छावण्या, उसाच्या वाढ्यांचे ट्रक, टँकरमागे धावणाऱ्या घागरी, हे सगळं वाचणाऱ्याला माहीत आहे, त्यात शिरत नाही. मला आठवतं ते वेगळंच. एवढ्या कोरड्या मुलखात मटणाला कधी तोटा नव्हता. धान्य कमी, भाजी नाही, दूध चहापुरतं, पण जत्रेला, पावण्याला, जावळाला बोकड किंवा मेंढा मिळायचाच. रविवारी कुणीतरी कापायचं, केळीच्या पानावर वाटे घालायचे, ज्याला जसा परवडेल तसा तो वाटा उचलायचा. काळीज-कपुरा ज्याचं जनावर त्याच्याकडे, मुंडी-पाय आधीच सांगून ठेवलेले, रक्ती बायकांच्या वाटणीला. आई अळणी पाणी आधी आम्हा पोरांना द्यायची, वर चमचाभर तूप. ते मटण कुठून आलं हे विचारायची पद्धत नव्हती. समोरच्या वस्तीवरून आलं होतं.

आणि समोरच्या वस्तीवर ते कसं आलं होतं? दिवाळी सरली की धनगरांची मेंढरं निघायची. घोड्यावर बिऱ्हाड, वर बांधलेली वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), पाटीत कोंबड्या, जाळीत चालता न येणारी कोकरं, मागेपुढे कुत्री. कोकणात उतरायची, कृष्णा-कोयनेच्या काठाला जायची, भीमेच्या बागायतीत जायची. उसाच्या फडाकडेचं गवत, कापणी झालेल्या रानातली धसकटं, ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंगा, हे सगळं खात खात. पाऊस लागायच्या सुमाराला परत यायची. आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आबा त्यांना आधीच सांगून ठेवायचे. वाघरीच्या आत ती रात्रभर बसायची, आणि त्यांचं ते एकत्र श्वास घेणं, मधूनच खोकणं, कोकराचं बारीक ओरडणं घरापर्यंत ऐकू यायचं. सकाळी रान लेंड्यांनी काळं झालेलं असायचं. आबा मोबदल्यात ज्वारी द्यायचे. पहिल्या पावसानंतर त्या रानाचा वास घरात शिरायचा आणि आई दारं लावून घ्यायची.

हे सगळं मी दोह्यात, रात्री दोन वाजता, एसीच्या घरघरीत आठवत पडले होते तेव्हा लक्षात आलं की आबांचं 'हितलं' मटणसुद्धा हितलं नव्हतंच. ते कोकणातलं गवत होतं, कराडच्या मळीतला पाला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी पावसाचा वाटा होता. जनावराने स्वतःच्या पायाने चालत जाऊन तो खाल्ला होता आणि अंगावर घेऊन परत आलं होतं. कोरड्या मुलखाने गवत कधी आणलं नाही. गवताकडे गेला. दुसऱ्या दिवशी हे आबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग? त्यात काय नवीन?"

कतारचंही असंच होतं. इथल्या बदू टोळ्या उंट-मेंढ्या घेऊन हिंडायच्या. पावसाचं पाणी साचून गवत उगवणारी खोलगट जागा म्हणजे रौदा. इथल्या कितीतरी गावांची नावं रौदत अमुक, रौदत तमुक अशी आहेत. दोह्यात आमच्या रोजच्या रस्त्याचंही नाव तसलंच, आता तिथे गवताचं पातं नाही, गाड्यांची दुकानं आहेत. रौदातलं गवत संपलं की कळप दक्षिणेला, आजच्या सौदीच्या माळावर जायचे. मधली रेघ तेव्हा वाळूत नव्हती. तेल निघालं, घरं झाली, पण कळप ठेवायची हौस गेली नाही. अजूनही बऱ्याच कतारी कुटुंबांचा शहराबाहेर एक इज्बा असतो. पत्र्याचं कुंपण, पाण्याची टाकी, दोन सुदानी किंवा बांगलादेशी गुराखी, काही शेळ्यामेंढ्या, उंट. शुक्रवारी मालक पोरांना घेऊन जातो. शिवाय कितीतरी जणांचे उंट सौदीच्या हद्दीत चरत असायचे, कारण चरायला जागा तिथेच उरली होती. २०१७ च्या जूनमध्ये त्या जनावरांनाही निघून जायला सांगण्यात आलं. हजारो उंट आणि मेंढ्या अबू सामराच्या फाटकाशी येऊन थटल्या, जूनच्या उन्हात, चारापाण्यावाचून. बरीच जनावरं मेली. फाटकाच्या अलीकडच्या बाजूला कतारने घाईघाईने तंबू, पाणी, वैरण उभी केली. मला त्या दिवसांतल्या सगळ्या बातम्यांत हीच बातमी राहून राहून आठवते. दुधाचा कप्पा रिकामा झाला तो पुन्हा भरला. चालत जायची वाट मात्र त्या दिवशी कुणाच्या तरी कागदावर अडली, आणि अशी ती अडू शकते हे सगळ्यांना कळून चुकलं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उलाला समझोता झाला, फाटक उघडलं. आमच्या ओळखीच्या एका कतारी गृहस्थांनी मात्र आपले उंट परत पाठवले नाहीत. आता ते इज्ब्यावरच असतात आणि विकतचं खातात.

चालणं बंद झालं की तरंगणं सुरू होतं. वर्षानुवर्षं इथलं स्वस्त मटण म्हणजे ऑस्ट्रेलियाची जिवंत मेंढरं. फ्रीमँटलहून जहाजात चढायची, समुद्रात दोन-तीन आठवडे काढायची आणि आखातात उतरायची. सरकार त्यावर अनुदान द्यायचं, म्हणून ते सगळ्यांना परवडायचं, आम्हालाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे विमानातून गायी उतरल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात, कतार, कुवेत आणि अमिरातीकडे निघालेल्या अशाच एका जहाजावर सुमारे २,४०० मेंढ्या उकाड्याने मेल्या. जहाजावर साठ हजारांहून जास्त होत्या. आतली चित्रफीत पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर दाखवली. मी ती पाहिली. जिभा बाहेर काढून धापणारी, एकमेकांत रुतलेली, आपल्याच मुताच्या चिखलात गुडघ्यापर्यंत बुडालेली मेंढरं. ती चित्रफीत पाहून तिकडे एवढा गदारोळ झाला की आधी उन्हाळ्यातली वाहतूक बंद झाली, आणि २०२४ मध्ये तर कायदाच झाला: १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या बाहेर पाठवायच्या नाहीत. कतारने त्याआधीच अनुदान काढून घेतलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांच्या मोर्च्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला त्यांचंही वाईट वाटलं. चित्रफीत पाहिल्यावर आठवडाभर मटण आणलं नाही, मग पावणे आले आणि आणलं. गोठवलेलं मटण न्यावं, जिवंत जनावर कशाला, असं मी एकदा त्या कतारी गृहस्थांना म्हणाले. ते हसले. म्हणाले, ईदला खोक्यातलं मटण कापणार का?

या वाळवंटी भागात स्वावलंबनाचा हट्ट याआधीही झाला आहे. शेजारच्या सौदीने ऐंशीच्या दशकात भरमसाठ पैसा ओतून गहू पिकवला, इतका की नव्वदीच्या सुरुवातीला तो जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत गणला जाऊ लागला. हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं पाणी वर काढून. मग पाणी खाली गेलं, खाली गेलं, आणि २०१६ पर्यंत सरकारने तो गहू बंद केला. त्यांच्या डेअरीवाल्यांनी अमेरिकेत ॲरिझोनात जमिनी घेतल्या आणि तिथला लसूणघास जहाजाने आणायला लागले. त्यावर ॲरिझोनातले लोक चिडले, की आमचं पाणी गवतात बांधून नेताय. आपल्या बलदनाने २०२४ मध्ये अल्जीरियाशी करार केला: तिथल्या वाळवंटात, आद्रार भागात, एक लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर चारा, गायी आणि दूध पावडरचा कारखाना. वाचून मला आबांचं आठवलं, त्यात काय नवीन. कळप पुन्हा चाऱ्यामागे निघाला आहे. फरक एवढाच की आता गुराख्याकडे कंपनीचं पत्र आणि दोन देशांच्या मंत्र्यांच्या सह्या आहेत. तिथल्या वाळूखालचं पाणीही जुनंच आहे.

"समोरच्यानं इकाय पायजे" हे आबांनी तोंडावर म्हटलं तेव्हा माझ्या मनात एक जुना वाद पुन्हा वर आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली. दोह्यात आपला कांदा दिसेनासा झाला. पाकिस्तानचा, इजिप्तचा, तुर्कस्तानचा आला, पांढुरका, पाणीदार, फोडणीत लवकर न तांबूस होणारा. मी फोनवर आबांकडे कुरकुर केली. तिकडे त्यांचा कांदा चाळीत होता. लोणंदला भाव कोसळला होता. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुला कांदा मिळंना, मला गिऱ्हाईक मिळंना. आन् मधी बसून सरकार म्हणतंय देशाचं पोट भरतोय." त्याच वर्षी बिगर-बासमती पांढरा तांदूळही बंद झाला होता, आदल्या वर्षी गहू. तेव्हा मी तावातावाने सांगितलं होतं की सरकारला आधी आपल्या माणसांचं बघायला हवं. मी बोलत होते दोह्यातून, दुसऱ्यांच्या पिकावर जगणाऱ्या गावातून, स्वतःच्या बापाशी, ज्याचं पीक अडलं होतं. यातलं माझं बोलणं नेमकं कुणाच्या बाजूचं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मेंढ्या पाठवायच्या की नाही हे ऑस्ट्रेलियात ठरतं, कांदा पाठवायचा की नाही दिल्लीत, आणि दोन्ही वेळा ठरवणाऱ्यांकडे चांगली कारणं असतात.

आबा परत जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही त्यांना जनावरांच्या बाजारात नेलं. तिथे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. प्रत्येक वाड्यात वेगळी जात. एकीकडे जाड शेपटीची, तपकिरी तोंडाची नईमी मेंढरं, ज्यांना इथे सगळ्यात मान आणि सगळ्यात भाव. दुसरीकडे लांब कानांच्या शेळ्या. आमच्या जतकडच्या माडग्याळ मेंढ्यासारखं बाकदार नाक कुठे दिसतंय का ते आबा शोधत होते. एका सुदानी गुराख्याने नईमी मेंढा धरून ठेवला. आबांनी जबडा उघडून दात पाहिले, कण्यावरून अंगठा फिरवला, शेपटीखाली हात घालून चरबीचं वजन घेतलं. "दोन दाती हाय." सुदानी माणसाने दोन बोटं वर केली आणि हसला. पुढे दोघांचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं, एक माणदेशी बोलत होता, एक अरबी, आणि दोघांनाही दुभाष्याची आठवण नव्हती. मग आबा गवताच्या भाऱ्यापाशी बसले. निळ्या दोरीने आवळलेला, यंत्राने दाबलेला चौकोनी भारा. त्यांनी एक काडी उपसली, हुंगली, चावली. "लसूणघास. हिरवा असतानाच वाळवलाय, झ्याक." कुठला, असं मी विचारलं. स्पेन, विक्रेता म्हणाला. भाऱ्याचा दर आबांनी मला रुपयांत करायला लावला. मेंढरू रोज किती खाईल, किती महिन्यांनी विकेल, गुराख्याचा पगार किती, पाणी किती, हे सगळं ते बोटांच्या पेरांवर मोजत बसले. बाजारात धूळ उडत होती, मागे कुणीतरी करक चहा आणून दिला, डब्यातल्या आटवलेल्या दुधाचा, वेलदोडा घातलेला. चहा संपला तेव्हा हिशेबही संपला.

"हितं मेंढरू परवडत न्हाई. हौस परवडती."

गावाकडे आता मेंढरं बसवायला कुणी येत नाही. दोन वर्षांपूर्वी आली होती ती शेवटची, आबा म्हणतात. रस्त्याकडेच्या रानांना तारा पडल्या, बागायतदार कळप दिसला की काठी घेऊन येतात, आणि धनगरांची पोरं पुण्याला कंपनीत लागली. मटण आठशेच्या पुढे गेलंय. माझ्या चुलतभावाने त्यावर उपाय काढला आहे: बंदिस्त शेळीपालन. पत्र्याची शेड, उंच फळ्या, बाहेरून आणलेले बोअर जातीचे संकरित बोकड, पोत्यातलं खाद्य, सांगलीकडून टेम्पोने येणारा लसूणघास. उस्मानाबादी शेळी त्याला आता लहान वाटते. आबांना त्याची शेड बघवत नाही, पण रोज संध्याकाळी ते तिकडेच जाऊन बसतात आणि चाऱ्याच्या टेम्पोची पावती मागून वाचतात. गेल्या आठवड्यात चुलतभावाचा मेसेज आला: ताई, त्या गायींच्या गोठ्यात पाणी उडवणारे पंखे आहेत म्हणे, आबा सांगत होते, फोटो असेल तर पाठव, मार्च-एप्रिलला बोकडं माना टाकतात. फोटो होता, पाठवला. नवऱ्याने खाली विजेचा आणि पाण्याचा अंदाजे हिशेबही लिहून दिला. पंखे अजून घेतलेले नाहीत. आबांशी बोलणं चालू आहे म्हणतो.